चालतं दफ्तर आणि साठलेलं दफ्तर

होसकोट्यात राहणारं एक मराठी घर हिशेबासाठी धरू. घरातला एक जण व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर कंपनीत, दुसरी पिल्लागुम्पे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. सकाळी नंदिनीचं दूध, मग रिक्षा, दुपारचा चहा, जुन्या मद्रास रस्त्यावरचा टोल, बेसकॉमचं बिल, मुलीच्या शाळेची फी, दोन-चार म्युच्युअल फंडांचे हप्ते. पूर्वी खिशातून सुटे पैसे जात आणि महिनाअखेर ‘किरकोळ खर्च’ असं एकच कलम पडे. आता चहाचे १५ रुपयेही यूपीआयने जातात आणि बँकेच्या उताऱ्यात स्वतंत्र ओळ होऊन येतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये देशभरातले यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा महिन्याला १,००० कोटींच्या वर गेले. त्यातला या घराचा वाटा दिवसाला १२ नोंदींचा धरला, तर वर्षाला ४,३८० नोंदी झाल्या आणि ९ वर्षांत ३९,४२०. दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू, एक जमा आणि एक नावे. म्हणजे जवळजवळ ७९,००० ओळी.

बाजारपेठेतल्या मध्यम दुकानाच्या वह्यांत बसणारा हा आकडा आता साध्या घराचा झाला आहे. घरगुती हिशेबाचं सॉफ्टवेअर पाच-सात वर्षांनी जड होतं, त्याचं मूळ इथे आहे. तक्रार मात्र ‘लॅपटॉप जुना झाला’ अशी होते आणि नवा लॅपटॉप घरात येतो. दोन वर्षं बरी जातात, मग पुन्हा तेच. मोजल्याशिवाय यंत्रावर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण या दुखण्याचा मोठा भाग यंत्राचा नसतो, दफ्तराच्या मांडणीचा असतो.

आणि दफ्तराची मांडणी हा विषय मराठी माणसाला नवा नाही. होसकोट्यात बसून तर तो आठवायलाच हवा. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतलं आणि तिथला कारभार शहाजीराजांकडे आला. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबल्लापूर, शिरे हा त्यांच्या जहागिरीचा मुलूख. त्यांच्यामागून मराठी कारकून आले आणि मराठी हिशेबही आला. पुढे म्हैसूर संस्थानाच्या महसुली कामातही कानडीच्या जोडीने मराठी दीर्घकाळ चालली.

या हिशेबाच्या पद्धतीचं सर्वांत मोठं आणि सर्वांत नीट टिकलेलं रूप पुण्याच्या पेशवे दफ्तरात दिसतं. हुजूर दफ्तरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, भरभराटीच्या काळात २०० हून अधिक कारकून बसत. त्याचे दोन मुख्य भाग होते. एक चालतं दफ्तर, म्हणजे सध्याचं काम. ते थेट फडणिसाच्या नजरेखाली चाले. दुसरं एकबेरीज दफ्तर, जिथे सगळ्या खात्यांचे हिशेब येऊन जमा होत, लावले जात आणि त्यांचे गोषवारे तयार होत. जमा किती, खर्च किती, बाकी किती, हे एका नजरेत दिसावं म्हणून तर्जुमे काढले जात आणि विषयवार खतावण्या केल्या जात. रोजच्या नोंदीसाठी रोजकीर्द होती. तिच्यात तारखेनुसार सगळं एकामागून एक येई. पण एखाद्या सरदाराला दोन वर्षांत किती रक्कम पोचली हे शोधायला कोणी सारी कीर्द चाळत बसत नसे. त्यासाठी त्याच नोंदी विषयवार वेगळ्या कागदांवर उतरवलेल्या असत. त्यांना घडणी म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारात रोजकीर्दीचे आणि घडणीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही वेगवेगळे लावलेले आहेत.

यात तीन गोष्टी आहेत. चालू काम साठलेल्या कागदांपासून वेगळं ठेवणं, केलेली बेरीज जपणं म्हणजे ती पुन्हा करावी लागणार नाही, आणि ज्या दिशेने शोध घ्यायचा त्या दिशेने आधीच एक मांडणी तयार ठेवणं. हिशेबाचा कोणताही प्रोग्रॅम हळू पडला की या तिन्हींपैकी एक गोष्ट कुठेतरी सुटलेली असते. संगणकशास्त्रात त्यांना आर्काइव्ह, कॅश आणि इंडेक्स म्हणतात.

आधी मोजणीबद्दल. ‘स्लो झालंय’ या एका वाक्यात चार वेगळी दुखणी लपतात. प्रोग्रॅम उघडायला वेळ लागतो, नोंद लिहून एंटर दाबल्यावर पुढची ओळ यायला वेळ लागतो, रिपोर्ट निघायला वेळ लागतो, की सेव्ह करताना सगळं गोठतं? मोबाइलचं घड्याळ लावून चारही वेळा कागदावर लिहाव्यात. त्याच वेळी विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा ठेवावा. डिस्कचा आलेख शंभर टक्क्यांना टेकला असेल तर अडचण लिहिण्या-वाचण्याची आहे. चार कोअरच्या यंत्रात प्रोसेसर पंचवीस टक्क्यांच्या आसपास स्थिर दिसत असेल, तर एकच कोअर जिवाच्या आकांताने राबतोय आणि बाकीचे तीन बसून आहेत. अशा वेळी आठ कोअरचं यंत्र आणून फरक पडत नाही. मेमरी भरलेली असेल तर रॅम वाढवण्याचा खर्च सार्थकी लागतो. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या चकतीची असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवणं ही यंत्रावरची सर्वांत किफायतशीर दुरुस्ती, आणि तेवढी मी मोजणीशिवायही मान्य करतो.

आता एक प्रत्यक्ष प्रोग्रॅम घेऊ. ग्नूकॅश हा मुक्त स्रोत आहे, फुकट मिळतो आणि मराठी व कोकणीतही वापरता येतो, म्हणून उदाहरणाला सोयीचा. १९९७ मध्ये रॉबिन क्लार्कने ‘एक्स-अकाउंटंट’ या नावाने त्याची सुरुवात केली, आणि १९९८ मध्ये ग्नूकॅशची १.० आवृत्ती आली. त्या काळातला एक निर्णय आजही त्याच्या वेगावर सत्ता गाजवतो: फाइल उघडली की सगळाच्या सगळा हिशेब मेमरीत घ्यायचा. हिशेब एक्सएमएल या मजकुरी स्वरूपात साठतो. साधी दोन बाजूंची नोंदही त्यात हजार-दीड हजार अक्षरं खाते, कारण प्रत्येक नोंदीला आणि तिच्या प्रत्येक बाजूला ३२ अक्षरी ओळखक्रमांक असतो, वर तारखा आणि खुणा. आपल्या होसकोट्याच्या घराची ३९,४२० नोंदींची फाइल उलगडल्यावर चाळीस-पन्नास मेगाबाइटची होते. उघडताना ती अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. सेव्ह करताना, एकच नोंद बदललेली असली तरी, अथपासून इतिपर्यंत पुन्हा लिहिली जाते. आणि मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ मिनिटांनी ती आपोआप सेव्ह होते. नोंदी घालताना मधूनच पडदा गोठतो, याचं कारण बहुधा हे.

उपाय सोपे आहेत. आपोआप सेव्ह होण्याचं अंतर १५-२० मिनिटांवर न्यावं. फाइल दाबून साठवण्याची सोय बंद करून पाहावी. फाइल मोठी होते, पण लिहिताना प्रोसेसरचं एक काम वाचतं. जुन्या प्रती आणि लॉग फाइली ३० दिवस ठेवण्याची मूळ सोय आहे, त्यामुळे त्या फोल्डरात शेकडो फाइली साचतात. ते फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये असेल, तर प्रत्येक सेव्हबरोबर पूर्ण फाइल आणि तिची नवी प्रत वर चढते. अँटिव्हायरस ती प्रत्येक वेळी तपासतो तो वेगळाच. कामाची फाइल सिंकबाहेरच्या फोल्डरात ठेवावी आणि दिवसाचं काम संपल्यावर तिची प्रत ड्राइव्हवर टाकावी. एवढ्यानेच कित्येकांचा अर्धा त्रास सरतो.

२०१० च्या अखेरीस आलेल्या २.४ आवृत्तीपासून ग्नूकॅश एसक्यूलाइट, मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसांमध्येही हिशेब ठेवू शकतो. तो बदल केला की सेव्हचा प्रश्न उरत नाही, कारण नोंद तिथल्या तिथे लिहिली जाते. पण उघडण्याचा वेळ वाचेल अशी अपेक्षा ठेवून जे हा बदल करतात त्यांची निराशा होते. डेटाबेस वापरला तरी प्रोग्रॅम सुरुवातीला सगळा हिशेब मेमरीत ओढतोच. डेटाबेस पोटात घातला पण त्याच्याकडून डेटाबेसचं काम घेतलं नाही, अशी ही स्थिती आहे.

डेटाबेसचं खरं काम म्हणजे इंडेक्स. १९७० च्या सुमारास बोईंग कंपनीच्या संशोधनशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी बी-ट्री नावाची रचना मांडली. आजचे बहुतेक डेटाबेस तिच्यावर किंवा तिच्या भावंडांवर उभे आहेत. कल्पना अशी की नोंदींच्या शेजारी एक वेगळी क्रमवार यादी ठेवायची आणि त्या यादीलाही पायऱ्या पाडायच्या. एका पायरीवर १०० वाटा फुटत असतील, तर तीन पायऱ्यांत १० लाख नोंदींपैकी हवी ती सापडते. इंडेक्स नसेल तर ३९,४२० नोंदींत एक शोधायला सरासरी १९,७१० नोंदी पाहाव्या लागतात. घडणीच्या कागदांमागचं आणि बी-ट्रीमागचं गणित एकच आहे. लिहिताना थोडे श्रम जास्त घ्यायचे, म्हणजे शोधताना पुष्कळ वाचतात.

हे गणित सर्वांत कडक लागू होतं ते बँकेचा उतारा आयात करताना. नवी प्रत्येक ओळ आधीच नोंदलेली तर नाही ना, हे प्रोग्रॅमला तपासावं लागतं. महिन्याच्या ३६० ओळी आणि जुन्या ३९,४२० नोंदी. प्रत्येकीची प्रत्येकीशी गाठ घातली तर १ कोटी ४२ लाख तुलना होतात. तुलना फक्त ४५ दिवसांच्या नोंदींशी केली, म्हणजे सुमारे ५४० नोंदींशी, तर हाच आकडा २ लाखांच्या आत येतो. यंत्र तेच, उतारा तोच, काम सत्तरपट कमी. चांगले प्रोग्रॅम अशी तारखेची मर्यादा स्वतः घालतात. आपल्या हातात एवढंच की सहा महिन्यांचा उतारा एकदम न ओतता दर महिन्याला ओतावा.

इथेच भारतीय घराची एक खास अडचण आहे. ग्नूकॅश आयात केलेल्या ओळीचं वर्णन शब्दाशब्दांनी लक्षात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी ‘बेसकॉम’ दिसलं की वीजबिलाचं खातं तो आपणहून सुचवतो. युक्ती सुंदर आहे. पण आपल्या बँकांच्या उताऱ्यात यूपीआयच्या वर्णनात व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक असतो, आणि तो पुन्हा कधीही येत नाही. बिचारा प्रोग्रॅम तो क्रमांकही ‘शब्द’ म्हणून इमानाने साठवतो. वर्षाला चार हजार नोंदी, तर चार हजार असे शब्द जे जन्मात परत उपयोगी पडणार नाहीत. ते फाइलमध्ये राहतात, दर वेळी वाचले आणि लिहिले जातात. ग्नूकॅशमध्ये इम्पोर्ट मॅप एडिटर नावाची खिडकी आहे, तिथून हा गाळ काढता येतो. त्याहून चांगलं म्हणजे आयात करण्यापूर्वी उताऱ्याची फाइल एक्सेलमध्ये उघडून वर्णनातला क्रमांक वेगळ्या रकान्यात काढावा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सुचवण्याची अचूकताही त्याने वाढते.

दुसरा गाळ भावांचा. म्युच्युअल फंडांचे रोजचे एनएव्ही ‘अँफी’च्या संकेतस्थळावर येतात आणि प्रोग्रॅम ते ओढून घेऊ शकतो. दहा फंडांचे भाव कामाच्या प्रत्येक दिवशी घेतले, तर वर्षाला अडीच हजारांच्या आसपास नोंदी फक्त भावांच्या. रोजचा भाव पाहण्याची हौस कितीही असली तरी तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारचा एनएव्ही कोणाला लागत नाही. भावांच्या खिडकीत जुने भाव काढून टाकण्याची सोय आहे, आणि आठवड्याचा, महिन्याचा किंवा तिमाहीचा शेवटचा तेवढा भाव राखण्याचा पर्यायही आहे. महिन्याचा शेवटचा ठेवला की पुरतो. रिपोर्टमध्येही गुंतवणुकीचं मूल्य कसं काढायचं हे निवडता येतं. ‘भारित सरासरी’ निवडली तर प्रोग्रॅमला त्या फंडाचा प्रत्येक जुना व्यवहार चाळावा लागतो. ‘सर्वांत अलीकडचा भाव’ निवडला तर एक आकडा उचलून काम भागतं. पगाराचा काही भाग डॉलरमधल्या शेअरांत मिळणाऱ्यांना हा फरक चांगलाच जाणवतो, कारण तिथे भावाबरोबर विनिमयदरही मोजावा लागतो.

रिपोर्टांचं एवढंच सांगतो की प्रोग्रॅम बंद करताना ते उघडे ठेवू नयेत. उघडे राहिलेले रिपोर्ट पुढच्या वेळी नव्याने घडवावे लागतात.

पुष्कळ मराठी घरांचा हिशेब अजून एक्सेलमध्येच आहे, आणि त्यात काही गैर नाही. एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात. तेवढ्या घराला कधीच लागणार नाहीत. हळूपणा येतो तो सूत्रांमुळे. ऑफसेट, इनडायरेक्ट, टुडे ही सूत्रं अशी आहेत की पानावर कुठेही काही बदललं तरी ती पुन्हा मोजली जातात, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेलं सगळं त्यांच्यामागून. शिलकीच्या रकान्यात ‘पहिल्या ओळीपासून इथपर्यंतची बेरीज’ असं सूत्र ३९,४२० ओळींत ओढलं, तर एकूण बेरजा ७७ कोटींच्या घरात जातात. तेच सूत्र ‘वरची शिल्लक अधिक जमा वजा खर्च’ असं लिहिलं, तर प्रत्येक ओळीला दोन क्रिया पुरतात. वहीत शिल्लक काढणारा कोणताही मुनीम दुसऱ्याच रीतीने काढत आला आहे; पहिल्या पानापासून बेरीज करत बसण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नसता.

घरचा हिशेब आणि छोट्या धंद्याचा हिशेब यांची सरमिसळ असलेली मंडळी टॅली वापरतात. ती तर याच मातीतली. श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या धंद्यासाठी मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी ते लिहिलं; १९८६ मध्ये बंगळुरूत पेउट्रॉनिक्स या नावाने कंपनी उभी राहिली आणि १९९९ मध्ये ती टॅली सोल्यूशन्स झाली. भरत गोयंकांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. टॅलीत वर्ष संपलं म्हणून नवी वही घालावीच लागत नाही, तारीख बदलून पुढे लिहीत जाता येतं. ही सोय मोठी, पण तिच्यामुळेच एका कंपनीत दहा-दहा वर्षांचा डेटा साचतो. त्यावर टॅलीनेच कंपनीचा डेटा तारखेवर विभागण्याची सोय दिली आहे. ठरावीक तारखेपर्यंतचा हिशेब एका कंपनीत राहतो, पुढचा दुसरीत जातो, आणि पहिलीच्या अखेरच्या शिलका दुसरीच्या आरंभीच्या शिलका होतात. बॅकअप आणि डेटाची तपासणी केल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.

ग्नूकॅशमध्ये अशी थेट सोय नाही. तिथे ‘क्लोज बुक’ नावाचं साधन आहे आणि त्याच्या नावामुळे बरेच जण फसतात. ते उत्पन्न-खर्चाची खाती शून्यावर आणून फरक भांडवलात टाकतं. नोंद एकही कमी करत नाही, उलट भरच घालतं. वेग हवा असेल तर खात्यांची यादी तेवढी निर्यात करून नवी फाइल उघडावी लागते आणि ३१ मार्चची प्रत्येक खात्याची बाकी १ एप्रिलची आरंभीची शिल्लक म्हणून लिहावी लागते. लिहून झालं की दोन्ही फाइलींची तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढून शेजारी ठेवावी. एका रुपयाचाही फरक असेल तर पुढे जाऊ नये. तो फरक आजच सापडतो, वर्षाने सापडत नाही. जुनी फाइल फक्त-वाचनीय करून तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी, आणि तिच्यातल्या नोंदी साध्या सीएसव्हीतही काढून ठेवाव्यात. वीस वर्षांनी आजचा प्रोग्रॅम असेल की नाही सांगता येत नाही. साधा मजकूर मात्र तेव्हाही उघडेल.

किती वर्षांनी तोडावं? घरगुती हिशेबाला तीन ते पाच वर्षं चालू फाइलीत ठेवणं मला योग्य वाटतं. गेल्या वर्षीची वीज आणि या वर्षीची वीज ही तुलना हिशेब ठेवण्यातला खरा आनंद आहे, आणि दरवर्षी फाइल तोडली तर तोच जातो.

गुंतवणुकीची खाती मात्र या तोडीत धरू नयेत. खर्चाच्या खात्याची जुनी नोंद गेली तर आठवण जाते. फंडाच्या किंवा शेअरच्या खरेदीची नोंद गेली तर करच चुकतो, कारण विक्रीच्या दिवशी आधी घेतलेले युनिट आधी विकले असं धरून भांडवली नफा काढायचा असतो, आणि त्याला प्रत्येक खरेदीची तारीख व भाव लागतो. म्हणून नव्या फाइलीत फंडाची एकत्रित बाकी लिहू नये. शिल्लक असलेल्या युनिटांची प्रत्येक खरेदी तिच्या मूळ तारखेसह उतरवावी. भावांचा गाळ काढतानाही एक तारीख वगळावी, ३१ जानेवारी २०१८. त्याआधी घेतलेल्या सूचीबद्ध शेअरांचा आणि इक्विटी फंडांचा दीर्घ मुदतीचा नफा मोजताना त्या दिवसाचा बाजारभाव विचारात घेतला जातो. महिन्याचा शेवटचा भाव राखण्याचा पर्याय निवडला असेल तर तो बहुधा आपोआप टिकतो, तिमाहीचा निवडला तर उडतो. तेव्हा जुने भाव काढण्याचं बटण दाबण्यापूर्वी त्या एका दिवसाचे सगळे भाव वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावेत, आणि साफसफाई झाल्यावर ते अजून फाइलीत आहेत ना हे खिडकी उघडून पाहावं.